कंदीलवाल्याबद्दल थोडं

१४ तारीख, मंगळवार, दुपार

प्रिय चिमणे,

तुझं पत्र पोचलं. इकडं सगळे मजेत. तुझ्या वहिनीचा गुडघा सुधारलाय, पण ‘लिफ्टवाल्याची बायको असून जिने चढते’ हे ऐकवणं काही थांबलेलं नाही. मी बाराव्या मजल्याच्या वर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये बसलोय. सुटा भाग यायचाय, तोवर हातात वेळच वेळ.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मला बोलू देतेस कधी?

‘सात बुरुज’ कादंबरीचे पाचही खंड नव्यानं छापून आले आणि तू लेकीसाठी मागवलेससुद्धा! रविवारपासून दोघी मिळून वाचणार म्हणे. वर विचारतेस, ‘दादा, तुझं आवडतं पात्र कोण?’ विचारलंस ना, आता भोग.

सगळे जिच्यावर जीव ओवाळून टाकतात ती राखराणी मला अजिबात आवडत नाही. स्वतःच्या हातानं शहर पेटवते आणि मग चार प्रकरणं रडत बसते. घर जाळून कोळशाचा व्यापार, दुसरं काय! पण पेटवायच्या आधी ती पिंजऱ्यातले पक्षी का सोडते, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. एवढा कळवळा होता तर माणसांना हाक मारायला काय धाड भरली होती? तुझ्या लेकीला विचार. पोरांना असलं बरोबर कळतं.

मुका सेनापती शपथेमुळं बोलत नाही असं जो तो म्हणतो. शपथ घेताना त्याला पाहिलंय कुणी? मला वाटतं, दरबारातली बडबड ऐकून गडी कंटाळला असावा.

आणि ती मुदपाकखान्यातली म्हातारी! पाच खंडांत चारदाच येते, पण कुठल्या दाराची किल्ली कुठं टांगलीय हे फक्त तिलाच ठाऊक. लेखकाला तिचं काहीतरी करायचं होतं आणि राहून गेलं, असा माझा दाट संशय आहे. तुला काय वाटतं?

कंदीलवाल्याबद्दल मी अजून एक शब्द लिहिला नाही, हे तू हेरलंच असशील. दोन कागद फाडून झाले. तू लिहितेस, पुलापलीकडं तो कंदील घेऊन बाहेर येतो ती गोष्ट लेकीला आधीच सांगितलीय आणि तिला तेच पान पहिलं वाचायचंय.

चिमणे, ते पान पुस्तकात नाही.

तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तू नऊ वर्षांची, मी एकोणीसचा. सहा आठवडे पट्ट्या. डॉक्टर आईला म्हणाले होते, पोरगी रडता कामा नये, टाके आहेत. मी वाचनालयातून खंड आणून वाचून दाखवायचो, आणि पुढचं चोरून वाचायचं नाही अशी तूच मला शपथ घातली होतीस. मी ती पाळली, तिथंच घात झाला. दुसऱ्या खंडाचं दोनशे बारावं पान उलटलं आणि मोठ्यानं वाचता वाचता मला दिसलं, पूल कोसळतो आणि कंदीलवाला बुडतो. मेला. परत येत नाही. तू माझं मनगट घट्ट धरून विचारत होतीस, ‘पुढं? पुढं?’

मी त्याला पलीकडच्या काठावर काढला.

मग पुढचे तीन खंड त्याला जगवणं आलं. दर प्रकरणात त्याला कुठं बसवायचं? मी तेव्हा लिफ्टचं काम शिकत होतो, म्हणून त्याला किल्ल्यात माणसं वर ओढून घेणारे पाळणे दुरुस्त करायला लावला. कंदीलवाल्याला दोर न् कप्प्या कशा कळतात, असं तू एकदाही विचारलं नाहीस गं! आणि ‘अडकलेल्या माणसाशी आधी बोलत राहायचं, दार नंतर’ हे तुझ्या वॉर्डात तू भिंतीवर लावलंयस, नव्या नर्सना शिकवतेस, ते कंदीलवाल्याचं वाक्य नाही. ते माझ्या उस्तादाचं. बंद पडलेल्या लिफ्टबाहेर उभं राहून त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

नंतर तू खंड मागितलेस तेव्हा वाचनालयानं ते काढून टाकले म्हणालो. खोटं होतं. ते तिसऱ्या कपाटात वरच होते. तू वाचलंस तर तो पुन्हा मरेल, एवढीच भीती. पंचवीस वर्षं गप्प राहिलो, चुकलो. आता लेकीसमोर तू ते पान शोधत बसशील, म्हणून रविवारच्या आत लिहितोय. रागाव, पण पुस्तक बंद करू नकोस. खऱ्या पुस्तकात तुला कोण आवडतं, हे कळायला मी फार उत्सुक आहे. कदाचित ती म्हातारी.

लेकीला काय सांगायचं ते तू ठरव. पण दोनशे बारावं पान आधी तू एकटी वाच आणि मला फोन कर. बोलू नकोस हवं तर. त्या दिवशी तुझ्या उशाशी बसून मी हसत हसत वाचत होतो आणि डोळे पुसत होतो. त्याच्यासाठी रडलेला आपल्या घरात आजवर मी एकटाच आहे.

तुझा,
खोटं वाचणारा दादा