म्हसोबाच्या चढावर

प्रिय अन्नाताई,

सप्रेम जयभीम. तुझं पोस्टकार्ड मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. तू रागावलीस की तिकडे मेहकरात भाऊजींचे काय हाल होतात ते मला ठाऊक आहे. आई हिंडते-फिरते, दोन घास जेवते. माझं मात्र बरं चाललेलं नाही, आणि ते पोस्टाच्या भरवशावर सोडण्यासारखं नाही. म्हणून हे पाकीट बसच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे.

उत्तमरावांची विलायती मोटार, मी चालवायचो ती, तुला आठवत असेल. तू तिला म्हातारी म्हैस म्हणायचीस, आणि मला म्हशीचा गुराखी. संक्रांत झाली आणि ही म्हैस मिसिंग मारायला लागली. सपाटीला सुतासारखी चालायची, पण आपल्या गावाबाहेरचा घाट लागला की एक झटका, मग दुसरा, मग फटफट करत बंद. तेही म्हसोबाच्या आसपास. तिथे बाकीचे ड्रायव्हर थांबून नारळ फोडतात. मी थांबत नाही. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो तेव्हा आईनेच पुढे होऊन देव्हारा नदीत सोडला होता, मग मी कोणत्या तोंडाने थांबू? गाडी बंद पडली की बसलेल्यांपैकी कोणीतरी उतरून नारळ फोडायचं, आणि तेवढ्यात गाडी खरंच सुरू व्हायची. उत्तमरावांचा पुतण्या निवृत्ती गावभर सांगत सुटला, ‘देव याले दाखवून राह्यला, अन् याले काही समजून नाही राह्यलं.’ मी हसून सोडून द्यायचो.

हात बांधून बसलो नव्हतो गं. प्लग घासले, पॉइंट नवे बसवले, कंडेन्सर बदलला. ठिणगी निळी, कडक पडत होती. म्हणजे पेटवणं ठीक होतं, इंजिनाला पेट्रोलच पुरत नव्हतं. कार्बोरेटर खोलला तर जेटच्या बारीक भोकात राखाडी गाळ. साफ केला की काही दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. चढाला इंजिन जोरात पेट्रोल ओढतं, त्याबरोबर टाकीच्या तळाचा गाळ येतो आणि भोक बुजतं. गाडी उभी राहिली की गाळ खाली बसतो. नारळाची करामत एवढीच. पण गाळ येतो कुठून ते कळेना. पंपावरचं पेट्रोल खराब असेल म्हणून मी ते फडक्यातून गाळून भरू लागलो.

मागच्या महिन्यात उत्तमरावांच्या धाकट्या सुनेला, विमलबाईला, कळा लागल्या. मूल आडवं होतं, दाईने हात टेकले. भर दुपारी तिला घेऊन बुलढाण्याला निघालो आणि म्हसोबाच्या अलीकडे गाडी बंद पडली. त्या दिवशी नारळ फोडूनही सुरू झाली नाही. मी जेट काढून फुंकत होतो, मागे विमलबाई ओरडत होती, आणि मग तिचं ओरडणं थांबलं. मी जेट पुन्हा बसवला, गाडी सुरू झाली. आता त्याचा काही उपयोग नव्हता. मूलही गेलं.

तेव्हापासून गावात मी दिसलो की लोक बोलणं थांबवतात. उत्तमरावांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी टाकीच उतरवली. तळाशी राखेचा चिखल, त्यात शेंदराचे कण आणि उदबत्तीची जळकी टोकं. अंगारा होता, ताई. कोणीतरी तो मुद्दाम टाकत होतं. माझा संशय सरळ निवृत्तीवर गेला. त्याची गचांडी धरायला निघणार होतो.

दुसऱ्या दिवशी गाडी दारात लावून मी बाजूच्या न्हाणीत अंघोळ करत होतो, तिथून गाडी दिसत होती. आई पदराने गाडी पुसत होती, नेहमीच पुसते. पुसता पुसता तिने टाकीचं झाकण फिरवलं, कमरेची पुडी सोडली, डोळे मिटले आणि चिमूट आत सोडली. मी अंगावर पाणी घ्यायचं विसरलो. देव्हारा सोडला तरी माझी काळजी तिला सोडता आली नव्हती. मी म्हसोबापाशी थांबत नाही म्हणून सरपणाला जाताना ती माझ्या वतीने थांबून अंगारा आणत होती. गाडी बंद पडली की घाबरून जास्त टाकत होती. आणि विमलबाईला नेताना, मी गाडीत पाणी भरत होतो तेव्हा, आई टाकीपाशीच उभी होती. बाळंतीण बाई, लांबचा रस्ता. त्या दिवशी तिने मूठभर टाकला असावा.

खरं सांगितलं तर मी आज सुटतो. पण विमलबाई आईला मावशी म्हणायची. मी अर्धा शब्द जरी बोललो तरी आई पुढचं सगळं समजून घेईल, आणि मग ती जगणार नाही. म्हणून गाव म्हसोबाचं नाव घेतं ते मी घेऊ देतो.

आता उत्तमरावांनी म्हातारी विकून जीप आणली आहे. काल बोलावून म्हणाले, ‘शुक्रवारी तूच चालवजो. मी बाजूले बसतो. म्हसोबापाशी थांबू नको. गाडी आपल्या मनानं थांबली, तं मंग पाहू.’ मागे निवृत्ती आणि आणखी दोघे बसणार आहेत. कशाला, ते मी विचारलं नाही. ताई, मला भीती वाटते. पत्र मिळताच निघ, तुझं बाळ आजारी आहे असं सांग आणि शुक्रवारच्या आत आईला घेऊन जा. तिला काही विचारू नकोस. हे वाचून चुलीत घाल. मी जीपवर नजर ठेवतो आहे, पण आज सकाळी भाकर वाढताना तिने मला विचारलं, ‘गुलाब, या नव्या गाडीत पेटरोल कोठून टाकतेत रे?’

तुझाच,
गुलाब