डॉक्टर रुज्जेरोंचं शिक्षण

३ एप्रिल
झालं! रुज्जेरो डॉक्टर झाला. ज्याच्या शिव्या ऐकून बसमधले पेंगणारे प्रवासी दचकून उठायचे, तो माझा निवृत्त ड्रायव्हर नवरा — डॉक्टर! त्याच्या 'राग आवरा' पुस्तकाचं मुखपृष्ठ आलंय. नावाआधी ठसठशीत 'डॉ.'

सगळी कोझिमोची कृपा. आमच्या इटलीतल्या बार्लेत्तात पदवीधर तो डॉक्टर, आणि कोझिमोच्या कॉफीच्या दुकानात चष्मा लावून शिरला तो पदवीधर. "या या, डॉक्टरसाहेब!" प्रकाशन संस्थेच्या फुल्वियाबाई मिलानच्या; इथली ही रीत त्यांना काय ठाऊक. त्या रुज्जेरोला तिथेच भेटल्या. त्यांना ते खरंच वाटलं!

५ एप्रिल
म्हटलं, बाईंना फोन करून सांग. "करतो गं उद्या." आणि आरशात चष्मा सरळ केला.

९ एप्रिल
उद्या काही उजाडेना. जिन्यात वरच्या मजल्यावरच्या आसुंताबाईंनी डॉक्टरांना गुडघा दाखवला. डॉक्टरांनी गंभीरपणे पाहिला. "मीठ कमी करा." देवा रे!

१४ एप्रिल
शेवटी मीच फोन केला. फुल्वियाबाई उलट माझ्यावरच उखडल्या — "अहो, छापून झालं! आणि बसवाल्याचं पुस्तक हातात घेणार कोण?"

पुस्तक मी वाचलंय. चांगलं आहे. ओरडावंसं वाटलं की हात गार पाण्याखाली धरा, म्हणतो. मी धरून पाहिला — त्याच्यावरच चिडले होते तेव्हा. उतरला राग. मग त्याला पदवी कशाला हवी? पण खोटं ते खोटंच. फोकाच्चा पावाचं पीठ मळता मळता स्वतःशीच भांडत बसले.

२० एप्रिल
इव्हानोचा तोरिनोहून फोन. बापाच्या ओरडण्याला कंटाळून पोरगा घर सोडून गेला, तेव्हापासून फक्त माझ्याशी बोलतो. "आई, बाबा डॉक्टर? रागाचे?" दोघं पोट धरून हसलो. मग म्हणाला, "येतो मी पुस्तकाच्या प्रकाशनाला. सगळ्यांसमोर विचारतो, कुठे शिकलात म्हणून."

माझं हसूच पळालं. चारचौघांत बापाची फजिती केली, तर हा पुन्हा घरी यायचा नाही. आणि दुसरा त्याला बोलावायचा नाही. मला दोघंही हवेत.

२१ एप्रिल
रुज्जेरोला सांगून टाकलं. "येऊ दे," म्हणाला. एवढंच.

४ मे
वाचनालय भरलेलं. रुज्जेरो पुस्तकातलं वाचून दाखवत होता. इव्हानो पहिल्याच रांगेत. उठला — "डॉक्टरसाहेब, रागाचं हे शिक्षण कुठे घेतलंत?"

रुज्जेरो उभा राहिला. "तुझ्यावर घेतलं, बाळा. डॉक्टर-बिक्टर कोणी नाही मी."

फुल्वियाबाईंनी कपाळाला हात लावला. मला रडू आवरेना. इव्हानो खाली बसला आणि म्हणाला, "वाचा पुढे, बाबा."