मोंव्हेरला जाऊन आलो

वॉटफर्ड, ३ मे २०२५

ती. द्रौपदीताईस,
काशीनाथचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून पत्र. आपली धम्मशीला लंडनच्या बँकेतली नोकरी सोडून फ्रान्सला गेली, त्याला दीड वर्ष झालं. लिऑन शहराच्या कडेला मोंव्हेर नावाचं चिमुकलं गाव आहे, तिथल्या बेकरीत ती पाव भाजते. इंजिनियरची मुलगी कणीक तिंबते! मी तिला नको नको ते बोललो, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. इथे कुणी विचारलं तर ती 'फूड सेक्टरमध्ये' आहे असं सांगतो.

आता ठरवलंय, येत्या शुक्रवारी जाऊन तिला घेऊनच यायचं. तीन महिने ऑनलाइन फ्रेंच शिकलोय. शिक्षिका म्हणते, माझा कॉन्फिडन्स उत्तम आहे. फ्रेंचबद्दल ती काही म्हणत नाही.

तुझा स्वतःला शहाणा समजणारा भाऊ,
काशीनाथ

एडिनबरा, ६ मे

चि. काशीनाथला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग. आपल्या आईने विड्या वळून आपल्याला शिकवलं. तिला आपल्या हातांची लाज कधी वाटली नाही. तुला लेकीच्या हातांची का वाटावी? जरूर जा, पण आणायला नको, भेटायला जा. आणि तिथे तोंड उघडशील ते फक्त खायला. माझे गुडघे बरे म्हणायचे.

तुला चांगली ओळखून असूनही माया करणारी,
ताई

वॉटफर्ड, १४ मे

ती. ताईस, सविनय जय भीम. वि. वि.

ट्रामच्या शेवटच्या स्टॉपला उतरलो. एक चर्च, एक चौक आणि बाहेर रांग लागलेली बेकरी. संपलं गाव. काउंटरवर सत्तरीच्या मालकीणबाई होत्या. माझी मुलगी इथे काम करते, हे पाठ केलेलं वाक्य मी ठणकावून म्हटलं. त्यांना ऐकू आलं, मला इथे काम हवंय. दारावर मदतनीस पाहिजे अशी पाटी होती म्हणे. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि हातात एप्रन दिला. नाही म्हणायला एकच शब्द लागतो, तोही आठवेना. अर्धा तास हा निवृत्त इंजिनियर पावाचे ट्रे वाहत होता. त्यातले दोन पाव पाडले.

मग आतून धम्मशीला आली, कोपरापर्यंत पिठाने माखलेली. मला बघून आधी घाबरली, कुणाला काही झालं की काय म्हणून. मग एप्रन दिसला आणि ती हसत हसत खालीच बसली. मीही हसलो. हसता हसता रडूच फुटलं, ताई. रांगेतल्या बायका मला टिश्यू देत होत्या.

संध्याकाळी तिने विचारलं, मला न्यायला आलात का. होच म्हणणार होतो. तोंडातून निघालं, नाही, चुकलो एवढं सांगायला आलो. ती म्हणाली, मालकीणबाई सप्टेंबरात निवृत्त होतायत, दुकान आता तीच चालवणार. पाटीवर आपलं आडनाव लावायचं तिच्या मनात आहे. मी म्हटलं, अगं, 'खोब्रागडे' म्हणताना या लोकांच्या जिभेला गाठ बसेल. तर म्हणाली, शिकतील की बाबा. तुम्ही नाही का शिकलात, चुकलो म्हणायला?

आहे तेवढी माया राहू दे, जास्तीची माझी लायकी नाही.

तुझा,
काशीनाथ