ताईच्या बाटलीतल्या गोळ्या

५ फेब्रुवारी

नाही म्हणजे नाही! ताईला तोंडावर सांगितलं. उंदरांवर करतात तसले प्रयोग माझ्यावर नकोत. तर म्हणते, "उंदीर तुझ्याइतकी कटकट करत नाहीत. बस गाडीत."

बसलो. तिची गाडी म्हणजे ड्रायव्हिंग शिकवायची. शेजारच्या सीटलाही ब्रेक. वळणावर मी दाबला. "परत दाबलास तर इथेच उतरवीन." दाबला नाही.

हॉस्पिटलात मोठे डॉक्टर तेच, ज्यांनी आईचं पोट उघडलं होतं आणि पुन्हा शिवून टाकलं होतं. बोलताना ताईकडे बघतात, माझ्याकडे नाही. आईकडून आम्हा दोघांना ही खोड आली आहे — मोठ्या आतड्यात आतल्या बाजूने पॉलिप उगवतात, ओल्या लाकडावर अळंब्या उगवाव्यात तसे. आज त्यांचा त्रास काही नाही. पण सोडून दिले की एखाद्या दिवशी त्यातल्या एकाचा कॅन्सर होतो. आईचा झाला. माझे थोडे आहेत. ताईचे पुष्कळ. आणखी वाढले तर तिचं मोठं आतडं काढावं लागेल. अख्खं!

"काढू देत," ताई म्हणाली, "तेवढंच वजन कमी." कुणी हसलं नाही.

तर संशोधन असं — सांधे दुखले की देतात तसलं सूज उतरवणारं औषध. ते रोज घेतलं तर पॉलिप आटतात का ते बघायचं. डॉक्टर म्हणाले, आतड्यात बारीक सूज सतत धुमसत असते, तिच्यावर हे पोसले जातात, "असं आम्हाला वाटतं."

वाटतं!! आई गेली आणि यांना अजून वाटतंय! मी ताडकन उठलो, खुर्ची आडवी झाली. ताईने उचलली. "बसा," असं खुर्चीला म्हणाली की मला, कोण जाणे.

सही करणार नव्हतो. पण मग दार उघडून ती आली. संशोधनाचं काम बघणारी. सगळ्यांना खरी गोळी मिळत नाही म्हणाली. अर्ध्यांना खरी, अर्ध्यांना तशीच दिसणारी, आत काहीच नसलेली. कुणाला कुठली, ते तिला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही.

"मग माहीत कुणाला?" मी गुरकावलो.

"दुसऱ्या गावातल्या एका कपाटाला," ती म्हणाली. "आणि ते फार कमी बोलतं."

सही केली.

६ फेब्रुवारी

सही कशी काय केली?

१४ फेब्रुवारी

तिचा फोन आला! चष्म्याच्या दुकानात भिंगं घासत होतो. मालकांच्या देखत उचलला.

"पोटात जळजळ? मळमळ? शौचाचा रंग कसा आहे?"

आईनंतर इतक्या आस्थेने मला कुणी काही विचारलेलं नाही. उत्तर लांबवलं. रंगाचं वर्णन जरा जास्तच झालं. ती शांतपणे ऐकत होती. लिहून घेत होती! शेवटी म्हणाली, "काळा झाला तर लगेच कळवा हं." ते 'हं' दिवसभर कानात.

मालक म्हणाले, "कोण होती?" मी म्हटलं, "ओळखीची." ते म्हणाले, "ओळख बरीच आतपर्यंत दिसते."

ताईने तिचं नाव प्रश्नावली ठेवलं. ताईलाही फोन आला होता म्हणे. तेच प्रश्न. त्याच क्रमाने.

असेल. पण 'हं'? — विचारलं नाही ताईला.

२ मार्च

जळजळ होते आहे! छातीखाली, डावीकडे, सकाळ-संध्याकाळ. तिला सांगितलं तर आवाज काळजीचा झाला. खऱ्या औषधाने असं होऊ शकतं, पण त्यावरून काही ठरवू नका, म्हणाली.

न ठरवायला मी काय दगड आहे? माझी गोळी खरी!

ताईला काहीच होत नाही. लोखंडाचे खिळे दिले तरी पचवेल. म्हणजे तिची रिकामी.

म्हणजे ज्याला गरज कमी त्याला औषध, आणि जिचं आतडं काढायला टेकलंय तिला खडू!

३ मार्च

दोन्ही बाटल्यांतली एकेक गोळी चावून बघितली. दोन्ही सारख्याच भिकार. कॉलेज दुसऱ्या वर्षातच सोडलं याचा पहिल्यांदा पश्चात्ताप झाला. तिथे प्रयोगशाळा तरी होती. पण तपासणीत आम्हा दोघांनाही ती खोड निघाली, आणि त्याच आठवड्यात सर म्हणाले, "भविष्याचा काही विचार?" ऍप्रन काढला आणि त्यांच्या टेबलावर फेकला. अजूनही बरोबरच केलं असं वाटतं. सोमवारी वाटत नाही.

६ मार्च

केलं.

ताई आंघोळीला गेली. दोन्ही बाटल्या रिकाम्या केल्या ओट्यावर, दोन ढीग, आणि माझ्या गोळ्या तिच्या बाटलीत, तिच्या माझ्या बाटलीत. हात थरथरत होते, एक गोळी घरंगळून शेगडीखाली गेली. झाकणं गच्च लावली.

बाबा स्वयंपाकघरात आले. पाणी प्यायले. गेले. बाबा काही बघत नाहीत हल्ली.

ताईने माझ्यासमोर गोळी घेतली. घटकन. मला इतकं बरं वाटलं की तिला चहा करून दिला. "काय फोडलंस?" म्हणाली.

२० मार्च

जळजळ थांबलीच नाही! आता तर मी खडू खातोय, मग जळतं काय? अंगात साठलेलं असेल. साठतं का? हे विचारायला एकच माणूस आहे आणि तिला विचारता येत नाही.

११ मे

नव्या बाटल्या मिळाल्या. घरी आणल्या आणि लगेच परत तेच केलं. आता हात थरथरत नाहीत. हे चांगलं की वाईट?

हॉस्पिटलात रांगेत बसलो होतो. माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ. प्रश्नावली त्यांना विचारत होती, "शौचाचा रंग?" आणि ते काहीतरी म्हणाले आणि ती हसली. मनापासून! त्यांनाही म्हणाली, "कळवा हं."

बाहेर येऊन पार्किंगमधल्या खांबाला लाथ मारली. खांब लोखंडी होता.

१२ मे

अंगठा सुजलाय. घरात दोघांचं मिळून सूज उतरवणारं औषध, आणि अंगठा भोपळा. ताई म्हणते, "यावरून तुझी गोळी कुठली ते कळलंच." हसत म्हणाली. मला घाम फुटला. काही कळलंय का हिला? नाही. कळलं असतं तर कानाखाली आवाज आला असता.

३० जून

तिला सांगून टाकलं. ते नाही — दुसरं. कॅन्टीनमध्ये ती एकटी होती, समोर जाऊन बसलो. म्हटलं, तुम्ही फोन करता त्या दिवसावर माझा आठवडा उभा असतो.

तिने चमचा बशीत ठेवला. म्हणाली, "मी यादीतल्या सगळ्यांना फोन करते."

"माहितेय."

"मग?"

मग काय? मला काय माहीत मग काय! उठून आलो. चहाचे पैसेही तिनेच दिले असणार. शी!

७ जुलै

फोन आला. तेच प्रश्न. रंग एका शब्दात सांगितला.

ठेवताना म्हणाली, "तुम्ही बरे आहात ना?" हा प्रश्न यादीत नाही. मला यादी पाठ आहे.

म्हणजे?

१८ ऑगस्ट

आज गडबड झाली. रक्त तपासायला गेलो तर ती खिडकीशी उभी, डोळे लाल. मी आधी समजलो, माझ्यामुळे. किती गाढव आहे मी!

एक माणूस गोळ्या घेतच नव्हता. फेकून देत होता आणि घेतो म्हणून सांगत होता. आज कळलं. ती म्हणाली, "मुळात हा आजार असलेली माणसं कमी. त्यातली आमच्याकडे आलेली मोजकी. एकाने जरी खोटं सांगितलं तर निकाल वाकडा होतो, आणि वाकडा झालेला कळतही नाही. मग लहान मुलांना औषध द्यायचं की नाही ते आम्ही कशावरून ठरवायचं? एक मुलगी आहे नऊ वर्षांची. तिची आई रोज विचारते."

मी म्हटलं, "गाढव लोक असतात."

"गाढव नाही. घाबरलेला होता," ती म्हणाली.

घरी आलो. जेवण गेलं नाही. बाबा म्हणाले, "पोट बिघडलंय का?" आमच्या घरात हा प्रश्न कुणी सहज विचारत नाही.

मी काही फेकलेलं नाही. सगळ्या गोळ्या पोटातच गेल्या आहेत. फक्त दुसऱ्या पोटात. हे खोटं आहे की नाही?

१९ ऑगस्ट

आहे.

पण सांगितलं तर दोघांनाही काढतील. आणि ताईच्या पोटात आत्ता खरं औषध जातंय. मी तिचं औषध बंद करू? त्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी? जिला मी बघितलंही नाही? का बघायला जाऊ? डोकं फुटेल!

२ सप्टेंबर

नव्या बाटल्या मिळायच्या आधी सांगून टाकलं. सगळं. मार्चपासून.

ती आजवर मला अहो-जाहो करायची. आज म्हणाली, "अरे, काय केलंस तू हे?"

'अरे.' किती दिवस वाट बघितली होती त्या शब्दाची. असा नको होता.

मी म्हटलं, तिला वाचवायला केलं. ती म्हणाली, "मला कळतं. म्हणूनच राग येतोय." डॉक्टर ओरडले नाहीत. ते जास्त वाईट. दोघांच्या दुर्बिणीच्या तपासण्या लगेच करू, म्हणाले. "ताईंना सांगितलंय ना तुम्ही हे?"

"हो."

सांगितलेलं नाही. ताईला सांगितलं की तपासणी तशीही व्हायचीच होती, तारीख अलीकडे आली.

१७ सप्टेंबर

काही म्हणजे काही कळत नाही.

तपासण्या झाल्या. ताईचे पॉलिप आटलेत! जिथे गर्दी होती तिथे तुरळक. डॉक्टरांनी तिला आधी बोलावलं आणि आतडं काढायचं तूर्त विसरा म्हणाले. ताई बाहेर आली, रुमालात नाक शिंकरलं, आणि शिकवणीची वेळ झाली म्हणून पळाली. मला नाचावंसं वाटत होतं. माझ्या गोळ्या! माझ्या!!

मग मला आत बोलावलं. प्रश्नावली तिथेच होती. माझे वाढलेत. बरेच. डॉक्टरांनी चित्र दाखवलं, ते मी इथे काढणार नाही.

म्हटलं, ठीक आहे. खडू खाल्ला, वाढले. हिशेब बरोबर आहे ना?

नाही! आम्ही दोघं आता संशोधनाबाहेर, म्हणून त्यांनी त्या दुसऱ्या गावच्या कपाटाला विचारलं होतं. खरं औषध ताईच्या नावच्या बाटल्यांत होतं. पहिल्यापासून! माझ्या नावच्या रिकाम्या.

म्हणजे मी ताईच्या तोंडचं औषध काढून स्वतः खाल्लं. सहा महिने! आणि तिला खडू दिला. आणि खडू खाऊन तिचे आटले, आणि औषध खाऊन माझे वाढले!

मी म्हटलं, "मग औषधानेच वाढतात का?" ओरडलोच. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. म्हणाले, दोन माणसांवरून असं म्हणता येत नाही. पण वर कळवावं लागेल. कदाचित सगळंच काम थांबवावं लागेल, सगळ्यांच्या गोळ्या बंद.

प्रश्नावली भिंतीकडे बघत होती. जिन्यात गाठून म्हटलं, मी काही — ती म्हणाली, "आत्ता नको." मग दोन पायऱ्या उतरून मागे वळली. "तुझं काय ते आधी बघू. त्या वाढलेल्यांचं." आणि गेली.

त्या 'तुझं'ने मला आनंद होतोय की भीती वाटतेय, हेसुद्धा कळत नाही.

१८ सप्टेंबर

दुकानात दोन भिंगं फोडली. मालक म्हणाले, घरी जा. घरी काय करू?

जर औषधच विष असेल तर ताईला मी चुकून वाचवलं. जर नसेल तर हे झालं कसं? आणि ती नऊ वर्षांची मुलगी? तिच्या आईला आता काय सांगतील?

२० सप्टेंबर

ताईला सांगितलं. गाडीत. फक्त गोळ्या बदलल्याचं, कानाखाली आवाज यायची तयारी ठेवून.

तिने गाडी कडेला घेतली आणि हसायला लागली. "वेड्या, पहिल्या दिवशी बाथरूमच्या फटीतून बघितलं मी तुला. तू दुकानात गेलास आणि मी सगळ्या परत होत्या तशा भरल्या. दर वेळी. झाकणं इतकी गच्च लावायचास, दाताने उघडायला लागायची."

"का पण?"

"का म्हणजे? जळजळ तुला होत होती ना? म्हणजे खरं औषध तुझं. धाकट्या भावाच्या तोंडचं औषध मी खाऊ?"

म्हणजे खरं औषध तिनेच खाल्लं, आणि खडू मी! उद्या सकाळी पहिलं जाऊन डॉक्टरांना सांगायचं — काहीही थांबवू नका, तुमचं औषध बरोबर आहे.

ताईने डोळे पुसले, गाडी सुरू केली, आरशात मागे बघितलं. "चल, सुटलो. आणि तुझा निकाल काय आला रे?"