उकळलेलं पाणी

विनिता,

आपल्या बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट फ्रिजवर ठेवलाय. खाणीच्या सांडपाण्याच्या तळ्यातून झिरपून त्यात शिसं उतरलंय. लॅबवाला म्हणाला, "काका, उकळून ते जात नाही, उलट वाढतं." आणि मी शिकवणीच्या पोरांकडून वर्षभर घोकून घेतलं, पाणी वीस मिनिटं उकळूनच प्या! चिमी तर म्हणायची, "सर, तुमच्यापायी आमचा गॅस संपतो, आई ओरडते."

तेच पाणी पिणाऱ्या चामटोली वस्तीत घरोघरी सांगायला निघालोय, जेवायला थांबू नकोस. विकतच्या पाण्याचा जार एकच मिळाला, तो आपल्या छोट्या रिद्धीसाठी जपून वापर. चिमीची आई विचारणारच, "मग पोरीला पाजू काय?"

बाबा