कपाटाखालची यादी

सोमवार, ४ मार्च
भाचीनं फोनवर निकाल दिला — ‘मार्चअखेर वेबसाइटवरून दहा गिऱ्हाइकं आली तर दुकान चालू दे. नाहीतर आई, सामान बांध नि माझ्याकडे राहायला ये.’ ताई निब घासत होती. ‘बघू,’ म्हणाली. बत्तीस वर्षं पेनं दुरुस्त करतेय. तिच्या ‘बघू’चा अर्थ मला अजून लागलेला नाही. लेक आईला बोलावतेय, धाकट्या भावानं मध्ये तोंड का घालावं?
इथं लिहायला हरकत नाही — ताईनं जाऊ नये. तिला ‘थांब’ म्हणायची माझ्यात हिंमत नाही.

मंगळवार, ५ मार्च
तीन महिन्यांत साइटवरून आलेली गिऱ्हाइकं: शून्य. साइट भाचीनंच बनवलीय, देखणी आहे. पहिल्या पानावर दुकानातल्या कपाटाचं चित्र. माउसचा बाण नेला की ड्रॉवर सरकतो, आतून पाट्या निघतात — निब, गळती, जुनी पेनं. आत अकरा पानं.
ही रोजनिशीही त्याच फोल्डरमध्ये, भाचीनं शिकवलेल्या त्याच साच्यात लिहितो. मला तेवढंच येतं. ताई तिकडे फिरकत नाही.

शुक्रवार, ८ मार्च
चूक सापडली. शोधयंत्राचा रोबो म्हणे साध्या लिंक धरून एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो. ड्रॉवर ओढायला त्याला हात नाहीत. येतो, बंद कपाट बघतो, जातो. तीन महिने बिचारा दारातून परत जातोय. ‘आतली अकरा पानं त्याच्या लेखी नाहीतच, मामा. चूक माझीच. कपाट काढून टाकू.’
‘कपाटाला हात लावायचा नाही,’ ताई.
शेवटी तह झाला. कपाट राहील, खाली साध्या अक्षरांत लिंकची यादी. यादी मी करायची.

मंगळवार, १२ मार्च
छत्तीस वर्षं वर्तमानपत्रात मथळे दिले, यादी म्हणजे हातचा मळ! निबच्या पानाला ‘टोकाची भूमिका’. गळतीच्या पानाला ‘निळे अश्रू’. यादी भाचीला पाठवली, लगेच तिचा फोन.
‘मामा, शाईनं खिसा भिजलेला माणूस काय टाइप करेल? निळे अश्रू?’
‘नाही.’
‘मग?’
‘पेन गळतंय.’
‘तेच लिही.’
आतून ताई — ‘याला छत्तीस वर्षं पगार कशाचा देत होते?’
बदललं. निब दुरुस्ती. पेन गळत असेल तर. जुनी पेनं विकत मिळतील. नीरस आहे, बरोबरही आहे.

बुधवार, १३ मार्च
यादी चढवली. भाचीनं एक बटण दाखवलं — दाबलं की फोल्डरमधली सगळी पानं साइटवर जातात, वर रोबोसाठी त्यांचा नकाशा तयार होतो. दाबलं. ‘तेरा पानं चढली’ असं आलं. वेळेच्या आत काम!

मंगळवार, १९ मार्च
पहिलं गिऱ्हाईक! एक शिक्षिका. ‘पेन गळतंय’ असं शोधलं म्हणे, त्यात आमचं दुकान निघालं. ताईनं माझ्याकडे बघितलंही नाही, पण चहात साखर जास्त पडली.

बुधवार, २७ मार्च
नऊ. आता एकच. तिकडे लेकीनं आईसाठी खोली रंगवायला घेतलीय. ताईला विचारावं का, तुला जायचंय का म्हणून? ‘हो’ म्हणाली तर शेजारच्या चष्मेवाल्याबरोबर चहा प्यावा लागेल. तो मोठ्यानं भुरके मारतो.

शुक्रवार, २९ मार्च
दहावं आलं. निवृत्त पोस्टमास्तर, वाकलेली निब. पेन काउंटरवर ठेवलं नि मला न्याहाळत म्हणाले, ‘बहिणीला थांब म्हणायची हिंमत नसलेले ते तुम्हीच ना?’
मला काही कळेना.
‘निब दुरुस्ती शोधलं. पहिलं निघालं ते तुमचं पान, दुसरी तुमची रोजनिशी. मला दुसरी जास्त आवडली.’
मुखपृष्ठ एक, आतली अकरा. बारा पानांची साइट, चढली तेरा — आणि जन्मभर पानं मोजणाऱ्या माणसाला कळू नये!
मागे भिंग खाली ठेवल्याचा आवाज. ताई तिथंच होती.

शनिवार, ३० मार्च
पान काढायला बसलो. ताई म्हणाली, ‘थांब, माझं वाचून व्हायचंय.’ सगळं वाचलं. मग चष्मा पुसत म्हणाली, ‘मी जाणार नव्हतेच. मला कुणी विचारलंच नाही.’