अठरा माणसे, एकोणीस हात

मी, वासुदेव भास्कर हळबे, वय एकोणसत्तर, जन्म मिरज, सध्या राहणार न्युरेम्बर्ग, निवृत्त टूलमेकर, नागरिकत्व भारतीय, आपल्या मागे कोणाला काय मिळावे हे आज स्वतःच्या मनाने लिहून ठेवत आहे. कोणी सांगितले म्हणून नाही, कोणाच्या धाकाने नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला फाइलमध्ये आहे. इथे असे पत्र संपूर्ण स्वतःच्या हाताने लिहावे लागते, भाषा मात्र कोणतीही चालते असे नोटारने, म्हणजे इथल्या नोटरीने, सांगितले. म्हणून मराठीत. यापूर्वी केलेले पत्र रद्द समजावे.

कलम १. स्युडश्टाटमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आतल्या सामानासकट, माझी एकुलती मुलगी ईप्सिता हिला. ती बर्लिनला असते. गेल्या निवडणुकीत पाऊस होता म्हणून ती मत द्यायला गेली नाही. मत देत राहशील तर घर, अशी अट घालावी असे माझ्या मनात होते. नोटारने पेन खाली ठेवले आणि असल्या अटी टिकत नाहीत म्हणाला. तेव्हा घर बिनशर्त.

मी असे का म्हणतो ते तिने समजून घ्यावे. विसाव्या वर्षी मी देश सोडला तेव्हा तिकडे मताचे वय एकवीस होते. इथे नागरिक नाही म्हणून मत नाही. तुझ्या आईने, स्नेहलताने, १९९२ साली इथले नागरिकत्व घेतले, तुलाही त्याच वेळी मिळाले. मी घेतले नाही, कारण भारताचा पासपोर्ट परत करावा लागला असता. आधी त्याचे कारण माझी आई होती. ती गेल्यावर कारण उरले नाही, हट्ट तेवढा उरला. स्नेहलता मतदानाला जायची तेव्हा मी शाळेच्या दाराशी तिची पर्स धरून उभा राहायचो. म्हणजे एकोणसत्तर वर्षांत मी एकाही देशाचे सरकार निवडलेले नाही. ही माझीच चूक, असे तू जर्मनमध्ये म्हणालीस. बरोबर म्हणालीस.

कलम २. मिरजेच्या घरातला माझा हिस्सा बहीण सरला हिला. तिने आईचे सगळे केले. मी फक्त पत्रे लिहिली.

कलम ३. बँकेत जे असेल त्यातून माझा अंत्यविधी व्हावा, उरेल ते ईप्सिताचे. माझी हत्यारे कारखान्याच्या प्रशिक्षण विभागाला द्यावीत. फक्त मायक्रोमीटर वगळावा. तो गेर्लिंडे त्सायडलर यांना. त्या विचारतील, याचे मी काय करू? काही करू नये, ठेवावा.

कलम ४. मायक्रोमीटर जुन्या पत्रात गेर्लिंडेचा नवरा आल्फ्रेड याच्या नावावर होता. आम्ही दोघे बावीस वर्षे शेजारशेजारच्या ग्राइंडिंग मशिनवर होतो. १९७८ साली त्यानेच मला इथल्या कामगारांच्या राजकीय पक्षात आणले, अर्जही त्यानेच भरला. पक्ष पासपोर्ट विचारत नाही, असे तो तेव्हा म्हणाला होता.

या वर्षी सरकारात जायचे की नाही यावर पक्षाने सगळ्या सभासदांचे मत टपालाने मागवले. २०१३ सालीही मागवले होते, पण तेव्हा स्नेहलता इस्पितळात होती, मी पाकीट फोडलेच नाही. या वेळी मत द्यायचे ठरवले होते. तेवढ्यात आल्फ्रेडचा ठराव आला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याची उजवी बाजू आणि वाचा गेली, पण त्याआधीच त्याने पक्षाच्या आमच्या शाखेला पत्र लिहून ठेवले होते. ज्यांना देशाने सरकार निवडण्याचा हक्क दिलेला नाही, त्यांनी तो पक्षाच्या मागल्या दाराने घेऊ नये. अशा सभासदांनी मतपत्रिका आपणहून परत करावी, अशी विनंती शाखेने करावी. शेवटी लिहिले होते, माझ्या सर्वांत जवळच्या मित्रालाही मी हेच सांगेन.

आमच्या शाखेत असा सभासद एकच होता.

कलम ५. या कलमात द्यायचे घ्यायचे काही नाही. जे घडले ते लिहितो.

रविवार, १८ फेब्रुवारी, सकाळी अकराची सभा, नेहमीच्या खानावळीची मागची खोली. बाहेर धुके इतके दाट की खिडक्यांना पांढरा कागद डकवल्यासारखे वाटत होते. अध्यक्षा फ्राउ एब्नर यांनी आल्फ्रेडचे पत्र वाचले. माझ्याकडे कोणी पाहिले नाही. चर्चा झाली, दोन्ही बाजूंनी सभ्यपणे. मी बोललो नाही, कारण त्याचे म्हणणे मला पूर्ण चूक वाटत नव्हते. पण अठ्ठेचाळीस वर्षे इथे राहिलो ते मागल्या दाराने, हे ऐकवत नव्हते.

हात मोजायचे काम शाखेत कायम माझे. हजेरीवर मी धरून एकोणीस सह्या होत्या. मी तटस्थ, म्हणजे मत देणारे अठरा. ठरावाच्या बाजूने नऊ हात. विरोधात मी डावीकडून मोजत गेलो आणि दहा भरले.

हात वरच ठेवा म्हटले. पुन्हा मोजले, आता मनात नावे घेत. नावे नवावर संपली, हात दहा झाले. चेहरे पाहिले की प्रत्येक हाताला त्याचा माणूस होता. नुसते हात पाहिले की एक जास्त. खिडकीच्या बाजूला कुठेतरी; नेमका कोणता ते बोट दाखवून सांगता येईना. मी आयुष्यभर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजला आहे. फ्राउ एब्नर यांना मोजायला सांगितले. त्या म्हणाल्या, "गेनाऊ, बरोबर दहा." मी इतिवृत्तात आकडा लिहिला, वेळ लिहिली, अकरा चाळीस. ठराव पडला. बरोबरी झाली असती तरी पडलाच असता. त्या हाताची गरज नव्हती.

घरी येऊन मी जुने पत्र काढले आणि आल्फ्रेडच्या नावावर काट मारली. तो बुधवारी गेला.

मंगळवारी दफनानंतर गेर्लिंडेने मला स्वयंपाकघरात बसवले. म्हणाली, त्या रविवारी दुपारच्या आधी ती त्याचे तोंड पुसत होती, तेव्हा त्याचा उजवा हात, जो गेला होता तोच, पांघरुणातून वर आला. सरळ, पंजा उघडा. नर्सने खाली घ्यायचा प्रयत्न केला, तो येईना. थोड्या वेळाने आपोआप पडला. नर्सने वेळ नोंदवली, अकरा चाळीस. सभेत काय झाले ते गेर्लिंडेला ठाऊक नव्हते.

तिने विचारले, "वासुदेव, तू त्याला इतकी वर्षं ओळखतोस. तो काय मागत होता?"

मी म्हणालो, "पाणी मागत असेल."

हे मी खोटे बोललो. ती मला वेडा समजेल म्हणून, आणि आणखी एका कारणासाठी. आल्फ्रेडचा हात स्वतःच्याच ठरावाच्या बाजूने उठला असेल, उशिरा, आणि मी तो विरोधात मोजला असेल. की माझ्यासाठी विरोधातच उठला, हे मला सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी मतपत्रिका भरली, शपथपत्रावर सही केली आणि पाकीट पेटीत टाकले. काय मत दिले ते लिहीत नाही. पाकीट सोडताना बोटे लवकर सुटली नाहीत.

आमची शेजारीण शोभना हिने माझ्या मागे हे कलम गेर्लिंडेला जर्मनमध्ये वाचून दाखवावे. काही गाळू नये, काही सावरून घेऊ नये.

कलम ६. इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. आज बव्हेरियाची निवडणूक आहे. साक्षीदार दोघीही मत देऊन थेट इथे आल्या आहेत.

(सही) वासुदेव भास्कर हळबे

साक्षीदार १: शोभना नागेश पटवर्धन. मजकूर वाचला. कलम पाचचे काम माझ्याकडे आहे, ते करीन.

साक्षीदार २: गेर्लिंडे त्सायडलर. (यांनी सांगितले, शोभनाने मराठीत लिहिले.) मला हे अक्षर वाचता येत नाही. वासुदेवने माझ्यासमोर सही केली. यात आल्फ्रेडबद्दल आहे असे तो म्हणाला. मी म्हटले, असू दे.

न्युरेम्बर्ग, रविवार, १४ ऑक्टोबर २०१८